मेसर्स भोये ब्रदर्स, मोखाडा

आमच्या घरात 'कृपया' हा शब्द कुणी कधी तोंडातून काढला नाही. तो मी पहिल्यांदा वाचला एसटीच्या पत्र्यावर, खिडकीच्या वर, हात बाहेर काढू नये असं सांगणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला. बरेच दिवस माझी समजूत होती की तो गाडीचाच एखादा सुटा भाग असावा, घंटीच्या दोरीसारखा. साखरशेतला आमच्या पाड्यावरचं बोलणं सरळ. ये, बस, पाणी आण, जेव. बालाही, म्हणजे वडिलांनाही, आम्ही 'तू'च म्हणत असू, आणि मोठ्या माणसाला 'आपण' म्हणायचं असतं हे मला आश्रमशाळेतल्या मराठीच्या पुस्तकातून कळलं. याचा अर्थ आमच्यात आदर नव्हता असा नाही. तो जिभेवर नसायचा, हातात असायचा. पाहुणा आला की आई नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात टाकायची, चुलीपुढचा पाट त्याला द्यायची आणि खुरासणीच्या चटणीचा मोठा गोळा त्याच्या भाकरीवर ठेवून स्वतः कोरडी भाकरी खायची. तोंडानं मात्र एवढंच म्हणायची, "खा."

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. ती ठाण्याला एका कंपनीत काम करते आणि दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते. मागच्या महिन्यात आली तेव्हा मांडीवर लॅपटॉप घेऊन कपाळाला आठ्या घालून बसली होती. एका माणसाला तेच काम परत सांगायचं होतं, पण त्याला राग यायला नको होता. मी चष्मा लावून वाचलं आणि म्हटलं, "इथं 'विल' नको, 'वुड' घाल. तू मागतेयस ना? मागताना वुड." ती माझ्याकडे बघतच राहिली. नागलीच्या भाकऱ्या थापणाऱ्या आपल्या आजीला हे कुठून येतं, असा तो चेहरा होता. मग तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे, जरा सावकाश.

अकरावीची परीक्षा झाल्यावर बाने मला जव्हारला आत्याकडे ठेवलं. त्या वेळी आमचा जिल्हा ठाणे होता आणि जव्हारच्या कचेऱ्यांमध्ये टायपिंग येणाऱ्या मुलामुलींना नोकरी लागते असं कुणीतरी बाच्या कानावर घातलं होतं. आत्याची एसटी डेपोजवळ खानावळ होती. खानावळ म्हणजे पुढे पत्र्याची शेड, दोन लांब बाकं, मागे चुली, आणि मध्ये कमरेला पदर खोचून उभी आत्या. पहाटे पहिली गाडी चालू करताना ड्रायव्हर इंजिन घरघरवत ठेवायचा, त्या आवाजानं आमच्या भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे, आणि तेच आमचं घड्याळ. दिवसभर उडदाच्या आमटीचा, सुकटीचा आणि तव्यावर करपलेल्या पिठाचा वास शेडमध्ये भरलेला असायचा. पावसाळ्यात तर धुकं इतकं खाली उतरायचं की गिऱ्हाईक आत येऊन बाकावर बसेपर्यंत कोण आहे ते कळत नसे. आत्या आवाजावरून ओळखायची आणि धुक्यालाच उद्देशून विचारायची, "भात का भाकरी?"

परेरा मॅडमचा टायपिंगचा क्लास डेपोपासून थोडा वर, चढावर होता. मॅडम वसईच्या. त्यांचे यजमान जंगल खात्यात होते, त्यांची बदली जव्हारला झाली म्हणून त्या आल्या आणि इथल्या गार हवेत रमल्या. लग्नाआधी त्यांनी मुंबईला फोर्टातल्या एका जहाज कंपनीत बरीच वर्षं पत्रं टाइप केली होती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी टाइपरायटर मांडले होते. त्यातल्या एकाची घंटी वाजायची नाही, त्यामुळे त्यावर बसलेला मुलगा नेहमी कागद सोडून रुळावरच टाइप करत पुढे जायचा आणि मॅडम आतून ओरडायच्या, "अरे, थांब! वाक्य भिंतीवर गेलं!" टायपिंग तर त्या शिकवतच, पण त्यांचा खरा जीव होता धंद्याच्या इंग्रजी पत्रांवर. आठवड्यातून दोन संध्याकाळी मशिनी झाकून ठेवायच्या आणि पत्रलेखन.

माझं पहिलं पत्र मला अजून पाठ आहे. नागलीची पोती मागवायची होती. मी लिहिलं होतं, सेंड बॅग्ज. सेंड फास्ट. इफ नॉट सेंड, वुई अँग्री. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत वाचलं. "गावित," त्या म्हणाल्या, "ही कंपनी आहे की दरोडा?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण मला मनातून कळेना की यात चुकलं काय. पोती हवीत, लवकर हवीत, नाही आली तर राग येणार. खरं तेच लिहिलं होतं.

मग मॅडमनी फळ्यावर 'जर' लिहून त्याच्याखाली तीन रेघा ओढल्या. इंग्रजीत जर एक नसतो, त्या म्हणाल्या, तीन असतात. "पहिल्या जरात चूल पेटलेली आहे. तुम्ही मासे आणा, मी रांधते. इथं 'विल' येतो. दुसऱ्या जरात चूल आहे, लाकडं आहेत, पण अजून काडी कुणी ओढलेली नाही. मासे मिळाले तर काय बहार येईल, एवढंच. इथं 'वुड'. आणि तिसऱ्या जरात नुसती राख. मासे आणले असते तर रांधले असते. आता बसा." मुलांनी माना डोलावल्या. मॅडम पुढे म्हणाल्या की पत्रात काही मागायचं असेल तर नेहमी दुसरा जर वापरायचा, कारण समोरच्या माणसाला 'नाही' म्हणायला जागा ठेवणं यालाच सभ्यपणा म्हणतात. "पण द्यायची वेळ आली की वुड नाही चालत. तिथं विल. आणि विल लिहिलंत की माल पाठवावा लागतो, लक्षात ठेवा."

घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. ती कांदा चिरत होती. तिनं विचारलं, "मग तुझ्या इंग्रजीत भूक लागली तर कसं सांगायचं?" मी म्हटलं, "आपण मला भात वाढू शकलात तर मी आपली फार आभारी होईन." आत्यानं सुरी खाली ठेवली. "आणि तोवर तो भात गार होईल, त्याचं काय?"

सरावासाठी मॅडमनी प्रत्येकाला एकेक कंपनी काढून दिली. माझी झाली 'गावित अँड सन्स, साखरशेत', नागली, तांदूळ आणि खुरासणीचे व्यापारी. मी म्हटलं, मॅडम, मी तर मुलगी आहे. त्यांनी लगेच 'सन्स' खोडून 'डॉटर' केलं. माझा माल विकत घेणारी कंपनी होती 'मेसर्स भोये ब्रदर्स, मोखाडा'. भोये ब्रदर्स म्हणजे एकटा देवराम भोये. त्याला भाऊ नव्हता. मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून तो रोज एसटीनं यायचा, अंगानं उंच, केसांना पाणी लावून बसवलेला भांग, आणि बोलणं इतकं हळू की हजेरी देतानासुद्धा मॅडमना दोनदा नाव घ्यावं लागायचं. आम्ही पत्रं लिहायची, मॅडमच्या टेबलावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायची, मॅडम लाल शाईनं तपासायच्या आणि मग ती पत्रं ज्याची त्याला मिळायची. म्हणजे आमच्या दोघांमध्ये जे काही सुरू झालं ते सगळं, पहिल्या ओळीपासून, मॅडमनी वाचून, दुरुस्त करून पुढे पाठवलेलं आहे.

देवराम आत्याच्याच खानावळीत जेवायचा. पहिल्या दिवशी त्यानं ताटातली भाकरी संपवली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्या, भात असला तर थोडा मिळाला असता का?"

आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो परदेशातून आलाय. "असला तर म्हणजे? खानावळ आहे ही. हवा का नको?"

"हवा," तो म्हणाला.

"मग असं बोल की, हवा म्हणून." आणि तिनं वाटीभर जास्तच घातला. मी पाणी भरताना ऐकलं आणि मला इतकं हसू फुटलं की तांब्या हिंदकळला. त्यानं वर पाहिलं. तोही हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भोये ब्रदर्सचं चौकशीपत्र फार सुरेख होतं. त्यांना आमच्या नागलीबद्दल चांगलं ऐकायला मिळालं होतं, आणि आम्ही नमुना पाठवू शकलो तर ते आमचे अत्यंत ऋणी राहिले असते. मी उत्तरात लिहिलं, नमुना सोबत जोडला आहे. नुसतं लिहून माझं समाधान होईना, म्हणून आत्याच्या डब्यातला नागलीचा लाडू कागदात बांधून पत्रासोबत ट्रेमध्ये ठेवला. पुढच्या खेपेला भोये ब्रदर्सची तक्रार आली. वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू, नमुना तपासणीसाठी फारच लहान होता, दुसरा पाठवता आला तर बरं होईल. मॅडमनी खाली लाल शाईनं लिहिलं होतं की तक्रारीत मिळालेल्या मालाचा आकार नमूद करावा. मी दुसरा लाडू पाठवला, मोठा. त्यावर उत्तर आलं की हा नमुना मोखाड्याच्या गाडीतच, प्रवासात, संपुष्टात आला असून त्याबद्दल खरेदीदारास कोणताही खेद नाही. आणि त्याच्याखाली मॅडमचा शेरा, 'परीक्षकालाही नमुना मिळावा.' त्यानंतर मी प्रत्येक वेळी दोन लाडू ठेवू लागले. आत्याच्या लक्षात आलं होतं, डब्याचं झाकण ती मुद्दाम सैल ठेवायची.

पावसाळा असा गेला. पत्रांमध्ये नागली कमी होत गेली आणि बाकीचं वाढत गेलं. मोखाड्याला धुकं होतं का, जव्हारला होतं तसं. गाडी घाटात थांबली होती तेव्हा दरीत ढग कसे भरले होते. मॅडम लाल शाईनं विचारायच्या, 'याचा ऑर्डरशी संबंध काय?' पण खोडायच्या नाहीत. एक दिवस त्याच्या पत्राची सुरुवातच बदलली. तोवर 'डिअर सर्स' असायचं, त्या दिवशी 'डिअर मिस गावित' होतं, आणि शेवटी 'युअर्स फेथफुली' ऐवजी 'युअर्स सिन्सिअरली'. मॅडमनी शिकवलं होतं, फेथफुली अनोळखी माणसाला, सिन्सिअरली ओळखीच्याला. मी ते पत्र घेऊन मशीनपुढे बसले आणि घंटी नसलेल्या टाइपरायटरवर किती ओळी भिंतीपर्यंत नेल्या असतील ते मला माहीत नाही.

भात पिवळा पडायला लागला तेव्हा बा बाजाराला जव्हारला आला. आत्याच्या बाकावर बसून त्यानं चहा घेतला आणि आत्याला म्हणाला, "भात झोडून झाला की पोरीला बघायला माणसं येतील. पोरगा जंगल खात्यात वॉचमन हाय. चांगली माणसं हायेत." मी चुलीपाशी होते. बा वाईट काही बोलत नव्हता, पोरगाही वाईट नसावा. आमच्यात मुलाकडच्यांनी मागायला यायचं, मुलीच्या बापानं ऐकायचं, ही रीतच होती. पण त्या दिवशी भाकरी थापताना माझ्या हातातून ती सारखी फाटायला लागली आणि आत्यानं मला बाजूला करून स्वतः थापल्या.

पुढच्या पत्रलेखनाला मी भोये ब्रदर्सना कळवलं की आमच्या मालाला दुसऱ्या एका खरेदीदाराकडून मागणी आली आहे, निर्णय कापणीनंतर होणार आहे, तरी आपला काही पक्का विचार असल्यास त्वरित कळवावा. ट्रेमध्ये टाकताना माझे कान तापले होते. मॅडमनी ते पत्र वाचलं, चष्म्यावरून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

उत्तर आलं. त्याच्याइतकं सुंदर इंग्रजी त्या वर्गात कुणी लिहिलं नव्हतं. पानभर होतं. आमच्या कंपनीची तेवढी योग्यता असती तर आपल्या दारी येणं हा आम्ही सन्मान समजलो असतो. परिस्थिती वेगळी असती तर आम्ही क्षणाचाही विलंब केला नसता. आपल्याला आमच्यापेक्षा चांगला खरेदीदार मिळाला तर आम्हाला आनंदच वाटेल. इफ आणि वुड, इफ आणि वुड, एकाही वाक्यात व्याकरणाची चूक नाही. खाली मॅडमचा शेरा होता, 'इंग्लिश एक्सलंट. बिझनेस निल.'

मी खानावळीत येऊन मागच्या ओट्यावर बसले आणि रडले. आत्या हात पुसत आली. "काय लिवलंय?" मी मराठीत सांगायला लागले. तिनं मध्येच थांबवलं. "म्हणजे येणार का नाय?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग पानभर काय लिवलंय?"

"येणं झालं असतं तर किती बरं झालं असतं, असं."

"असतं तर!" आत्या म्हणाली. "हा गाडीची वेळ एवढ्या गोड शब्दांत विचारील, की विचारून होईपर्यंत गाडी निघून जाईल." तिनं माझ्या पाठीवर थोपटलं नाही. तिला ते जमायचं नाही. तिनं माझ्यापुढे गरम भाताचं ताट ठेवलं आणि मी जेवेपर्यंत तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. देवरामचे वडील तो लहान असतानाच गेले, आईनं लोकांच्या शेतावर राबून त्याला वाढवला, हे मला त्यांच्याकडून कळलं. "तो खोटं लिहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याला तुमच्या घरून नकार ऐकायची भीती वाटते. म्हणून तो आधीच तुमच्या वतीनं नकार लिहून टाकतो आणि वर आभारही मानतो. माझं चुकलं बघ. मी त्याला दुसरा जर फार चांगला शिकवला."

"मग मी काय लिहू मॅडम?"

"ते मी सांगितलं तर पत्र माझं होईल. तुझं तू लिही."

मी घरी जाऊन लिहिलं नाही, तिथंच बसून लिहिलं. धंद्याच्या पत्रात माणूस कायम 'वुई' असतो, आम्ही, आमची कंपनी. मी पहिल्यांदा 'आय' लिहिलं. इफ यू कम टू साखरशेत धिस संडे विथ युअर मदर, माय फादर विल बी अॅट होम. आय विल बी देअर ऑल्सो. रविवारी आईला घेऊन आलास तर बा घरी असेल. मीही असेन. खाली कंपनीचं नाव टाकलं नाही, नुसतं कमल. मॅडमनी वाचलं, लाल पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं. "हे ट्रेमध्ये नको," त्या म्हणाल्या. "हातात दे."

डेपोवर मोखाड्याची गाडी लागली होती. मी कागद देवरामच्या हातात दिला. त्यानं उभ्याउभ्या वाचला. पुन्हा वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, ओठ हलले, आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. तो गाडीत चढला. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला होता, एवढं मात्र मी पाहिलं.

रविवारी आत्यानं खानावळीला कुलूप घातलं. तिच्या आयुष्यात ते किती वेळा घडलं असेल कुणास ठाऊक. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी साखरशेतला पोचलो आणि दारातूनच तिनं माझ्या आईला सांगितलं, "वहिनी, कोंबडा काप."

"कुणासाठी?"

"येतील ते."

आईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडावरून तिला काय कळायचं ते कळलं, आणि ती विळा शोधायला गेली. बाला कुणी काही सांगितलं नाही. तो खळ्यावर भाताचे भारे लावत होता. नव्या भाताचा, पेंढ्याचा, सारवलेल्या खळ्याचा वास सगळ्या पाड्यावर पसरला होता. रश्शाला उकळी आली. दुसरी गाडी खालच्या रस्त्यावर आली, थांबली, निघून गेली. कुणी उतरलं नाही. आत्या दारात जाऊन आली आणि मला म्हणाली, "मीठ बघ." मीठ मी आधीच दोनदा बघितलं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा खालून पेंढा भरलेली बैलगाडी वर येताना दिसली, आणि तिच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसलेली दोन माणसं. एसटी घाटात बंद पडली होती. देवरामच्या त्या पाणी लावून बसवलेल्या भांगात काड्या अडकल्या होत्या. त्याची आई आधी उतरली. बारीक, काटक बाई, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली वालाची पापडी. तिनं अंगणात पाय धुतले, ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि बाच्याकडे बघून म्हणाली, "मी मोखाड्याकडून आली. हा माझा पोरगा. तुमची पोर मागायला आली."

आमच्या भाषेतलं बोलणं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

बानं आधी आईकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग माझ्याकडे, आणि माझी नजर खाली गेली तेव्हा त्याच्या लक्षात सगळं आलं असावं. त्याचा चेहरा काही सांगत नव्हता. "शेत?" त्यानं विचारलं.

"थोडं. पण माझ्या हातानं केलेलं," ती म्हणाली.

बा देवरामकडे वळला. "तू बोल."

देवराम उभा राहिला. "मी... म्हणजे, जर आपल्याला..." आणि तिथंच अडकला. आतून, चुलीपासून, आत्याचा आवाज आला, "जर नको आता!" त्याची आई चमकली, माझ्या आईला काही कळेना, आणि मी फळीला धरून उभी होते. बानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग उठला, कोपऱ्यातला पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "भात झोडायचा राहिलाय. चल."

दोघं खळ्यावर गेले. आम्ही बायका ओटीवर बसून राहिलो. भाताचा भारा फळीवर आपटल्याचा आवाज यायला लागला, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मागेपुढे, मग एका तालात. देवरामच्या आईनं कान देऊन ऐकलं आणि समाधानानं पदर नीट केला. बराच वेळ तो ताल चालू होता. आईनं रस्सा परत गरम केला. मग आवाज मंदावला, थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण सावकाश, बोलत बोलत काम करताना होतो तसा. आणि मध्येच बाचं हसू ऐकू आलं. माझा बा मोठ्यानं हसायचा नाही. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "कोण हसलं?" ती म्हणाली.

ते आले तेव्हा दोघंही डोक्यापासून पायापर्यंत भुशानं माखले होते, कोण बा आणि कोण पाहुणा ते लांबून कळत नव्हतं. बानं हात धुतले आणि आईला सांगितलं, "ताटं वाढ. आणि तिकडं निरोप धाड, येऊ नका म्हणून." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुला चालतंय?"

"चालतंय," मी म्हटलं.

जेवणं झाली, नव्या तांदळाचा भात सगळ्यांनी दोनदोनदा घेतला. देवरामनं तिसऱ्यांदा हात पुढे केला आणि आत्यानं काही न विचारता वाढला. सोमवारी आम्ही दोघांनी जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाटातून वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, काढली, सगळ्या वर्गाला वाटली, आणि त्या संध्याकाळी पत्रलेखन झालंच नाही. पुढे आम्हाला जव्हारच्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत नोकऱ्या लागल्या, पुढे मुलं, मुलांची लग्नं, सगळं झालं. ते दुसऱ्या गोष्टींत येईल तेव्हा येईल. मला त्या रविवारची संध्याकाळ सांगायची आहे.

देवराम आणि त्याच्या आईला गाडीवर सोडायला बा आणि मी खाली रस्त्यापर्यंत गेलो. गाडी गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही उभे राहिलो आणि मग परत वर चढायला लागलो. बा पुढे, मी मागे. बा आणि मी असं दोघंच कधी फारसं बोललेलो नव्हतो. चढाच्या मध्यावर तो एकदम म्हणाला, "तुझ्या आईला मागायला गेलो तवा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. चुलता बोलला सगळं. मी तिच्या बापाची लाकडं फोडत बसलो दिवसभर." मी पाय हळू टाकले, तो थांबू नये म्हणून. "ज्याला बोलता येत नाय त्याला काम द्यायचं," तो म्हणाला. "हात चालले का तोंड सुटतं."

"मग सुटलं त्याचं तोंड?"

"सुटलं तर! माझं कान दुखलं."

"काय म्हणाला तो, बा?"

बा थांबला, वळला, भुशानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून माझ्याकडे बघून हसला. "ते माझ्यापाशी बोललाय तो. तुला कशाला सांगू?"

आणि त्यानं कधीच सांगितलं नाही. तो जायच्या आदल्या वर्षीसुद्धा मी त्याला विचारलं होतं, तेव्हाही तेच हसू. मागच्या महिन्यात ही गोष्ट नातीला सांगून झाल्यावर तिनं आजोबांना विचारलं, खळ्यावर काय बोललात तुम्ही? आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "भात झोडत होतो. भाताविषयीच बोललो." त्यांच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.